शहरातली अडगळीची खोली

संपादकांचे पत्र आले ते असे : तुम्ही दक्षिण अमेरिकेला जाऊन आलात असे कळते, तेव्हा दिवाळी अंकासाठी एखादे खुसखुशीत प्रवासवर्णन द्यावे. मी उत्साहाने होकार कळविला. मराठी माणूस तीन आठवडे परदेशात राहिला आणि त्याने लिहिले नाही असे सहसा घडत नाही. पुलंच्या 'अपूर्वाई'ने १९६० साली जी वाट रुळवली तिच्यावरून आजवर इतक्यांनी पावले टाकली आहेत की तिथे आता गवतही उगवायचे नाही. मीही पाच पाने लिहिली. विमानातील जेवण, शाकाहारी माणसाची फजिती, भाषेचा घोटाळा, रस्त्यावर भेटलेला हसतमुख म्हातारा. सारे यथासांग जमले होते. मग ती पाने मी फाडली.

फाडण्याचे कारण दोन पुस्तके. ज्या शहरात मी गेलो होतो त्या साओ पाउलोविषयीचीच ती आहेत. तेव्हा प्रवासवर्णनाऐवजी या दोन पुस्तकांविषयी चार शब्द लिहितो. फराळाच्या ताटात चकलीऐवजी कारल्याची भाजी आली असे वाचकांना वाटू नये, एवढीच इच्छा.

प्रथम शहराविषयी थोडे. माझा भाचा तिथे नोकरीला आहे. "मामा, उन्हाळ्याच्या सुट्टीत या. इथे तेव्हा थंडी असते, तुम्हांला मानवेल," असा त्याचा आग्रह दोन वर्षे चालला होता. मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झालो आणि मग चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली, एवढेच शिक्षण. दोन कादंबऱ्या नावावर आहेत. पारपत्राचा उपयोग आयुष्यात होईल असे कधी वाटले नव्हते, पण गेलो.

ब्राझील म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा येतो. साओ पाउलोला समुद्र नाही. ते घाटमाथ्यावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंच. खाली सांतुस हे बंदर, मध्ये सेरा दो मार नावाची जंगलाने झाकलेली डोंगराची भिंत, आणि वर हे अफाट शहर. मुंबई, खंडाळा आणि पुणे हा मामला ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याला नकाशा समजावून सांगावा लागत नाही. आपल्या बोरघाटातून आगगाडी १८६३ साली चढली. तिथल्या घाटातून इंग्रज कंपनीचीच गाडी १८६७ साली जाड तारदोरांनी ओढीत वर नेली गेली. त्या गाडीने कॉफी खाली नेली आणि माणसे वर आणली. १५५४ साली पाद्र्यांनी टेकाडावर एक शाळा काढली, तिच्याभोवती वसलेले हे गाव १९०० साली अडीच लाखांचेही नव्हते. २०२२ च्या शिरगणतीत शहराची वस्ती एक कोटी चौदा लाखांवर गेली.

नदीचीही तीच गंमत. तिएते ही नदी समुद्रापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून अकराशे किलोमीटर आत, परानाच्या दिशेने वाहत जाते. आपली कृष्णा आणि भीमा याच स्वभावाच्या. मला ती नदी पाहण्यापूर्वीच आपली वाटू लागली होती. पाहिल्यावर नाक धरावे लागले, हा भाग वेगळा.

आता पुस्तके. पहिले क्लोद लेव्ही-स्ट्रोस या फ्रेंच पंडिताचे 'त्रिस्त त्रोपिक'. नुकतेच स्थापन झालेल्या साओ पाउलो विद्यापीठात शिकविण्यासाठी १९३५ साली तो तिथे आला, तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पुस्तक मात्र त्याने वीस वर्षांनी लिहिले. ते १९५५ साली पॅरिसला निघाले. प्रवासाचा आणि प्रवाशांचा आपल्याला तिटकारा आहे असे आरंभीच सांगून टाकून मग चारशेवर पाने प्रवासच सांगणारा हा ग्रंथ आहे. पंडितांचा विनोद असाच असतो. शब्दकोश जवळ ठेवून मी तो इंग्रजीतून वाचला.

हे पुस्तक थोर आहे, यात मला शंका नाही. साओ पाउलोवरचे प्रकरण तर शहराविषयी कसे लिहावे याचा वस्तुपाठ आहे. युरोपातली शहरे वय वाढले की भारदस्त होतात आणि नव्या जगातली शहरे तारुण्यातून एकदम जर्जर होतात, मधले प्रौढपण त्यांना लाभतच नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. ते आजही खरे वाटते. पाउलिस्ता नावाच्या ज्या राजरस्त्यावर त्याने कॉफीवाल्या लक्षाधीशांचे बंगले पाहिले, तिथे आज बँकांचे मनोरे आहेत. अधूनमधून एखादा जुना बंगला दोन मनोऱ्यांच्या मध्ये, बदली झालेल्या साहेबाच्या विसरलेल्या ट्रंकेसारखा उभा असतो. शहर त्याला कुरूप वाटत नाही. रानटी वाटते, आणि ते त्याला आवडते. तिथल्या मूठभर सुशिक्षितांनी एकेक भूमिका कशी वाटून घेतली होती, कुणी एक कॅथॉलिक, कुणी एक उदारमतवादी, कुणी एक साम्यवादी, याचे त्याने केलेले चित्रण वाचताना तर मला आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचे कार्यकारी मंडळ आठवून हसू आले.

मग माझे कुठे अडले? याच ग्रंथात आपला देशही आहे. १९५० साली लेखक हिंदुस्थान-पाकिस्तानात येऊन गेला होता. कलकत्त्याची गर्दी, तिथले भिकारी, दैन्य यांवर त्याने लिहिले आहे. ते वाचताना माझ्या कपाळाला आठी पडली. तो खोटे बोलत होता म्हणून नव्हे. त्या पानांवर आपली माणसे गर्दी झाली होती म्हणून. त्यांतल्या एकालाही सकाळी काही काम होते, कुणाला मुलीसाठी बूट घ्यायचे होते, असे त्या पानांत कुठे दिसत नाही. आठी पडल्यावर मी मागे वळून साओ पाउलोचे प्रकरण पुन्हा वाचले. इमारती, रस्ते, घोटीव वाक्ये आणि भोजनाला बसलेले विद्वान सारे जागच्या जागी होते. ते शहर झाडणारी माणसे मला तिथे सापडली नाहीत. कलकत्त्याने माझे डोळे उघडले नसते तर साओ पाउलोच्या प्रकरणावर मी 'वा!' म्हणून पान उलटले असते. परक्या माणसाची गर्दी झाली तर आपल्याला खुपत नाही. आपली झाली की खुपते.

दुसरे पुस्तक कारोलिना मारिया दे जेझुस हिचे. तिची मिळालेली रोजनिशी सुरू होते १५ जुलै १९५५ या तारखेला. म्हणजे ज्या वर्षी पॅरिसला तो ग्रंथ निघाला त्याच वर्षी, त्याच शहरात, तिएते नदीच्या काठी कानिंदे नावाच्या झोपडपट्टीत ही बाई रद्दीत सापडलेल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर लिहीत होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. हा योगायोग मी मुद्दाम जुळविलेला नाही; तारखाच तशा आहेत.

कारोलिना जन्मली १९१४ साली, मिनास जेराइस प्रांतातील साक्रामेंतो या गावी. काळ्या वर्णाची, शाळा दोनच वर्षे. साओ पाउलोला येऊन मोलकरणीचे काम केले, मग झोपडपट्टीत फळकुटांची खोपटी उभारली. तीन मुले, नवरा नाही. उदरनिर्वाह कागद वेचून. खांद्यावर गोणी टाकून शहरभर हिंडायचे, कागद आणि भंगार गोळा करायचे, वजन करून विकायचे, त्या पैशांत त्या दिवसाचे अन्न. पाऊस आला की कागद भिजतो, आणि त्या दिवशी चूल पेटत नाही.

१९५८ साली औदालियो दांतास नावाचा एक तरुण वार्ताहर त्या वस्तीत गेला. मुलांच्या झोपाळ्यांवर थोराड पुरुष बसले होते आणि एक बाई त्यांना, तुमची नावे माझ्या पुस्तकात घालीन, म्हणून धमकावीत होती. कसले पुस्तक, असे त्याने विचारले. तिने वह्या काढून दिल्या. आधी वर्तमानपत्रात उतारे आले, आणि ऑगस्ट १९६० मध्ये 'क्वार्तो दे देस्पेजो' हे पुस्तक निघाले. दहा हजारांची पहिली आवृत्ती आठवड्याभरात संपली. पुढे ते कितीतरी भाषांत गेले.

त्या नावाचा अर्थ अडगळीची खोली. शहर हे घर धरले तर त्याचा दिवाणखाना वेगळा, बाग वेगळी, आणि नको असलेले सामान ज्या खोलीत फेकतात ती म्हणजे आमची वस्ती, असा तिचा हिशेब. दिवाळीच्या आधी माळे झाडून रद्दीवाल्याला हाक मारणाऱ्या आपल्या घरांना ही प्रतिमा समजावून सांगायला नको. १९६२ च्या इंग्रजी भाषांतराला मात्र 'चाइल्ड ऑफ द डार्क', म्हणजे अंधाराचे लेकरू, असे नाव दिले गेले. हा मला शुद्ध बिघाड वाटतो. अंधार दैवाने येतो. अडगळीची खोली घरातल्या माणसांनी ठरविलेली असते. मूळ नाव घरमालकाकडे बोट दाखविते, भाषांतरातले नाव उसासा टाकते. उसाशाची पुस्तके अधिक खपतात हे प्रकाशकांना ठाऊक असते.

पहिल्याच दिवसाची नोंद पाहा. मुलगी वेरा हिचा वाढदिवस. तिला बूट घ्यायची इच्छा आहे, पैसे नाहीत. कचऱ्यात एक जोड सापडतो. तो धुऊन, दुरुस्त करून मुलीच्या पायांत. यावर भाष्य नाही, टाहो नाही. आपल्याकडचा कथालेखक या ठिकाणी मुलीच्या डोळ्यांत दोन मोत्यांसारखे अश्रू आणल्यावाचून राहिला नसता. (हे मी स्वतःवरून सांगतो.) कारोलिना लगेच पाणी भरायला, कागद वेचायला निघते. सारी रोजनिशी अशीच : पहाटे नळावर रांग, कागद, वजन, पैसे, भाकर. आणि आकडे! आज कागदाचे इतके क्रुझेरो मिळाले, पावाला इतके, साबणाला इतके, उरले इतके. प्रथम मला ते आकडे रुक्ष वाटले, मी ते ओलांडून पुढे जात असे. शंभरएक पानांनंतर ध्यानात आले की कथानक ते आकडेच आहेत. आज किती मिळाले हे वाचल्याशिवाय उद्याची नोंद उघडण्याचा धीर होत नाही.

१३ मे १९५८ ची नोंद मी १३ मे रोजीच, भाच्याच्या घरी खिडकीपाशी बसून वाचली. ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १३ मे १८८८ ला. शहराला पूर्वीपासून झिमझिम पावसाचा मुलूख म्हणतात. तिच्या नोंदीत पाऊस आहे आणि माझ्या खिडकीबाहेरही होता. मुक्तिदिनाच्या त्या दिवशी ती उपाशी आहे आणि आजची गुलामगिरी म्हणजे भूक, असे तिचे म्हणणे आहे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) वाचून ज्यांची झोप उडाली आहे त्यांना हा स्वर अनोळखी वाटणार नाही. मात्र तिच्यामागे कोणतीही चळवळ नव्हती, परंपरा नव्हती. एकटी बाई नि कचऱ्यातल्या वह्या. म्हणून मला ती बेबी कांबळे यांच्या अधिक जवळची वाटते. फलटणच्या दुकानात बसून घरच्यांच्या नकळत त्या लिहीत राहिल्या, आणि 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने आले ते १९८६ साली.

कारोलिनाचे दोषही सांगितले पाहिजेत. शेजाऱ्यांविषयी ती कठोर आहे, कधी कधी अन्यायी. ईशान्येकडून आलेल्या दरिद्री लोकांविषयीचे तिचे ग्रह वाचून वाईट वाटते. आपण लिहिणारी, बाकीचे दारुडे, असा एक ताठा सर्वत्र आहे. पण दरिद्री माणसाने नम्रही असावे ही अपेक्षा कुणाची? आपलीच. तो ताठा नसता तर त्या वह्या भरल्याच नसत्या. तिने वस्ती सोडली त्या दिवशी शेजाऱ्यांनी तिच्यावर दगड मारले. पुस्तकात नावे घालीन ही धमकी तिने खरी केली होती.

आता या पुस्तकाविषयीचा मुख्य वाद. मास्तर म्हणून मला तोच फार झोंबला. दांतासने वह्या छापताना पुनरावृत्ती कमी केली, ती त्याने प्रस्तावनेत मान्यही केली आहे. पण पुढे मूळ वह्या पाहिलेल्या अभ्यासकांचे म्हणणे असे की तिचे अलंकारिक, भारदस्त परिच्छेदही गळले. तिला मोठे शब्द फार प्रिय होते. पहाट, आकाश, फुले यांवर ती मन लावून लिही. ते बरेचसे गेले आणि शुद्धलेखनाच्या चुका मात्र राहिल्या! चुका म्हणजे अस्सलपणाचा शिक्का. गरीब बाईने चुकीचे लिहावे हे वाचकाला आवडते. तिने सुंदर लिहू पाहिले की तो अवघडतो.

मी रोज तांबडी पेन्सिल हाती धरणारा माणूस. पहिल्या कादंबरीच्या वेळी माझ्याच हस्तलिखितातून एका संपादकांनी ज्या ओळींवर मी चार-चार रात्री घालविल्या होत्या त्या काढल्या आणि दोन ठिकाणी 'न'चा 'ण' झाला होता तो तसाच ठेवला. "त्याने मातीचा वास येतो," असे म्हणाले. मॅट्रिक झालेल्याकडून माती अपेक्षित असते. मी तेव्हा गप्प बसलो, कारण पुस्तक निघत होते. कारोलिनाही गप्प बसली असेल काय? मला तसे वाटत नाही. पुढे १९६१ साली तिने विटांच्या घरात आल्यानंतरची रोजनिशी छापली, १९६३ साली पदरचे पैसे घालून कादंबरी काढली. लोकांनी पाठ फिरविली. त्यांना झोपडीतली बाई हवी होती, लेखिका नको होती. १३ फेब्रुवारी १९७७ ला शहराबाहेरच्या एका लहानशा जागेत ती वारली. मग २०२१ साली पाउलिस्ता रस्त्यावरच्या एका मोठ्या कलासंस्थेत तिच्या जीवनावर प्रदर्शन भरले, आणि रिओच्या विद्यापीठाने मरणोत्तर डॉक्टरेट दिली. दोन इयत्ता शिकलेल्या बाईची दखल विद्यापीठांनी घ्यावी हे ठीकच झाले. फक्त उशीर चव्वेचाळीस वर्षांचा.

पुस्तक संपल्यावर मी भाच्याला म्हटले, "मला कानिंदेला जायचे आहे." तो म्हणाला, "मामा, तिथे पाहण्यासारखं काय आहे? रविवारी पाउलिस्तावर गाड्या बंद असतात, सगळं शहर पायी फिरतं, ते बघा." तेही पाहिले. तिथले कलासंग्रहालय चार खांबांवर उचलून धरले आहे, खाली ७४ मीटर मोकळी जागा. इमारतीने लोकांना रस्ता सोडावा ही कल्पना मला फार आवडली. पण दुसऱ्या दिवशी लूझ स्टेशनावरून एकटाच मेट्रोने उत्तरेकडे गेलो. गाडी पुलावरून नदी ओलांडते. खाली काळे पाणी, दोन्ही तीरांना मोटारींचे अखंड ओघ. कानिंदेची झोपडपट्टी १९६० नंतर लवकरच उठविण्यात आली. तिथे आता हमरस्ता आहे आणि जवळ फुटबॉलचे मैदान. तिची खोपटी कुठे होती हे सांगणारा कुणी भेटेना, आणि भेटता तर मला त्याची भाषा कळली नसती. मी कठड्याला धरून अर्धा तास उभा राहिलो. नदीचा वास सहन होईना म्हणून परतलो.

परतताना एका चौकात पुठ्ठ्यांनी लादलेली हातगाडी ओढीत एक मनुष्य मोटारींच्या रांगेतून चालला होता. असे गाडीवाले त्या शहरात ठिकठिकाणी दिसतात. माझ्या पाच पानांच्या प्रवासवर्णनात तो होता. 'रंगीबेरंगी हातगाडी' असे शब्द मी वापरले होते. पुठ्ठ्याचा भाव काय होता?

इथे मला एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक कागद वेचणारी बाई आहे. समीक्षकांनी तिचे कौतुक केले. 'मूक वेदनेची मूर्ती' असे एकाने लिहिले. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई तोच व्यवसाय करी. आपल्याकडे पुण्यात या बायांची कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, पण आमच्या गावी तसे काही नव्हते. मुलाने ती कादंबरी आईला वाचून दाखविली. पालकसभेच्या दिवशी बाई मला भेटल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पुस्तक चांगलंय. पर ती बाई दिसभर गोणी घेऊन फिरती, आन् भंगारवाल्याला भाव काय इचारत न्हाई. वजनात मारत्यात ते तिला कळत न्हाई व्हय?"

मी हसलो होतो. अडाणी वाचकाला वास्तव आणि कला यांतला भेद कळत नाही, असे काहीसे घरी येऊन पत्नीला सांगितलेही होते.

साओ पाउलोहून आल्यावर मी आपली कादंबरी खाली काढली आणि पेन्सिल घेऊन बसलो. २१२ पाने आहेत. पैशाचा आकडा कुठे कुठे येतो त्यावर खूण करायची असे ठरविले. एकच सापडला, पान ४७ वर. नायकाच्या फाउंटन पेनची किंमत.